गिझरमध्ये लाह्या का फुटतात?

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं छाटून देतो:

"आमचं घर औसा रोडच्या बाजूला, तळमजला आणि वर एक मजला. घरात सहा माणसं. सासूबाई (वय ७४, गुडघे धरलेले), आम्ही दोघं, धाकटे दीर आणि दोन लेकरं. चार वर्षांपूर्वी घेतलेला १५ लिटरचा गिझर वर्षभर लाह्या फुटल्यासारखा आवाज करायचा. परवा तो बंदच पडला. मेकॅनिक म्हणतो एलिमेंट गेलं, टाकी पण गळतेय, नवीनच घ्या. आता घरात प्रत्येकाचं वेगळं. दुकानदार सांगतो तीन लिटरचा इन्स्टंट न्या, लाईट बिल निम्म्यावर येईल. ह्यांना गॅस गिझर पाहिजे, कारण लाईटीचा भरवसा नाही. दीर म्हणतात गच्चीवर सोलर बसवू. सासूबाई म्हणतात माळ्यावरचा बंब काढा, शेतातून तुराट्या येतातच. नळाला पाणी कधीमधी येतं, बाकी सगळं बोअरवर. बजेट पंधरा हजार. काय घ्यावं? आणि बंब मोडीत दिला तर चालेल का?"

ताई, तुमच्या घरातल्या चारही मतांवर येतो. पण पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे लाह्या.

मी आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवायचो. तिथे एकदा पोरांसमोर असाच एक लाह्या फोडणारा गिझर उघडला होता. खालचे नटबोल्ट सोडले, फ्लँज (एलिमेंट बसवलेली तबकडी) ओढली, तर निघेना. स्क्रू ड्रायव्हरची मूठ मारली तर दगडावर मारल्यासारखा आवाज. शेवटी एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, बाहेर आलं ते बोटाएवढं जाड पांढरं कवच घेऊनच, आणि त्याच्यामागून टाकीतून पाटीभर कपच्या घळाघळा खाली. एका पोराने त्यातली एक उचलून फळ्यावर ओढली. पांढरी रेघ उठली. सगळे हसले, पण त्या रेघेत अख्खा धडा होता. तो खडूच होता, कॅल्शियम कार्बोनेट.

आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवतं आणि बोअरमधून ते सगळं आपल्या टाकीत येतं. गार पाण्यात ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, वायू उडून जातो आणि खडू खाली बसतो. हा थर एलिमेंटवर साचला की त्याच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते. ह्याच तुमच्या लाह्या. तुमचा गिझर वर्षभर ओरडून सांगत होता, ताई.

म्हणून कुठल्या कंपनीचा घ्यावा हे विचारायच्या आधी पाणी कसं आहे ते बघा. तुमच्या घरातली पारख तुम्हाला माहीतच असेल. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात का, साबणाला फेस येतो का, चहाच्या पातेल्याला आतून पांढरी साय धरते का. आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे बाटलीभर पाणी देऊन 'एकूण कठीणपणा' तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानलाय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. आरओवाला पेनासारखं यंत्र बुडवून जो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, दाखवतो तो वेगळा. त्यात मीठही मोजलं जातं, आणि मिठाने लाह्या फुटत नाहीत.

आता एक साधा उपाय, जो तुम्हाला कुठलाच दुकानदार सांगणार नाही. तुमच्याकडे नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी गच्चीवर एकाच टाकीत पडतं, असं मी धरून चालतो, कारण दहातल्या नऊ घरांत तसंच असतं. लातूरच्या नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं. धरणाचं पाणी म्हणजे बहुतांशी पावसाचं, बोअरच्या मानाने पुष्कळच मऊ. ते बोअरच्या पाण्यात मिसळून वाया घालवू नका. ५०० लिटरची एक वेगळी टाकी ठेवा, तिच्यात फक्त नळाचं पाणी भरा आणि गिझरची लाईन तिच्यावर घ्या. गिझरला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागेल, बादलीत घालायचं गार पाणी बोअरचं चालतं. म्हणजे ५०० लिटरची टाकी आठवडाभर पुरते. नळ त्याहून लांबला तर मधले दोन दिवस बोअरचं सोडा, आभाळ कोसळत नाही. नवीन गिझरच्या आयुष्यात याने जेवढी वर्षं वाढतील, तेवढी पाच हजार जास्त मोजून वाढणार नाहीत.

दुकानदाराचं मत आधी निकालात काढू. तीन लिटरच्या इन्स्टंटने बिल निम्मं होतं, हे धादांत खोटं आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच, डबा छोटा असो की मोठा. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं धरा आणि अंघोळीचं ४० चं. एका २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धं युनिट लागतं. सहा बादल्यांना पावणेतीन-तीन युनिटं. महिन्याला नव्वद. घरचा वापर शंभर युनिटांच्या टप्प्यावरून पुढे सरकला की दर चढतो, हिवाळ्यात बिल बघून धक्का बसतो तो त्यामुळे. इन्स्टंट घ्या, टाकीत पाणी तापवून साठवणारा स्टोरेज घ्या, ही तीन युनिटं चुकत नाहीत. फरक पडतो तो फक्त तापवून ठेवलेलं पाणी नुसतंच निवत बसण्यात. ती गळती कमी म्हणून पाच स्टार. पण तुम्ही अंघोळीआधी अर्धा तास बटण लावून नंतर बंद करणार असाल, तर निवायला वेळ मिळतोच किती? दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात स्टारला अर्थ आहे. तुमच्या घरी चार स्टारचा मिळाला तर रात्रीची झोप घालवू नका.

त्या तीन लिटरच्या डब्यात तीन हजार वॅटचं एलिमेंट असतं. पूर्ण व्होल्टेजला ते मिनिटाला दोन लिटरच्या आसपास पाणी २० अंशांनी तापवतं, म्हणजे बादलीला नऊ-साडेनऊ मिनिटं. आणि पूर्ण व्होल्टेज सकाळी तुमच्याकडे असतं का? २३० च्या जागी १८० आलं तर वीज तेवढ्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या हिशेबाने कमी होते. तीन हजार वॅटचे अठराशे राहतात आणि बादलीला पंधरा मिनिटं लागतात. लेकराची शाळेची रिक्षा दारात, आणि नळाला करंगळीएवढी धार. शिवाय एवढ्या छोट्या डब्यात एवढं तापट एलिमेंट आणि त्यावर बोअरचं पाणी. हा डबा स्वयंपाकघरात भांडी घासायला ठीक आहे. सहा जणांच्या न्हाणीत नको.

आता तुमच्या ह्यांचा गॅस गिझर. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

पैशाच्या बाजूने त्यांचं अगदीच चूक नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गिझरमधला तोटा वजा जाऊन जेवढं पाणी तापतं, त्याला विजेवर साधारण दीडशे युनिटं लागतील. सिलिंडरचा आजचा भाव आणि तुमच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर शेजारी शेजारी मांडा, उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. लाईट गेली तरी तो चालतो, हेही खरं. पण जळायला हवा लागते. बंद न्हाणीत, छोट्या झरोक्याखाली तो लावला की ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्यालाच घट्ट धरतं. माणसाला गुंगी येते, कडी काढायचं भानही राहत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात आणि आपण 'अंघोळ करताना चक्कर आली' एवढं वाचून पान उलटतो.

तुमच्या घरात गुडघे धरलेल्या सासूबाई आहेत. त्या न्हाणीत जास्त वेळ बसतात, थंडी वाजते म्हणून झरोक्याला पिशवी लावतात. लावतातच, मला माहीत आहे, आमच्या आईने आयुष्यभर लावली. त्या न्हाणीत गॅस गिझर अजिबात नको. घ्यायचाच हट्ट असेल तर तो आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी मोकळ्या जागेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. 'एक्झॉस्ट फॅन लावू की' हे उत्तर चालणार नाही. लाईट नसताना चालावा म्हणून तर तुम्ही तो घेताय, आणि लाईट नसताना पंखा फिरत नाही.

आणखी एक अडचण. गॅस गिझर पेटायला पाण्याचा थोडा दाब लागतो. गच्चीवरची टाकी न्हाणीच्या छतापासून चार फुटांवर असेल तर वरच्या मजल्यावर तो पेटेलच असं नाही. मग लोक प्रेशर पंप लावतात, आणि पंपाला पुन्हा लाईट. क्षारांचा जाचही इथे जास्त. विजेचं एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं, त्याच्यावर थर बसला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. बिल फारसं वाढत नाही, एलिमेंट मात्र स्वतःच्या तापाने जळतं. गॅसच्या कॉइलमध्ये थर बसला की उष्णता पाण्याकडे न जाता धुराबरोबर वर जाते, आणि एक दिवस कॉइल चोंदते.

दिरांचं मत मला सगळ्यात आवडलं. पण पंधरा हजारांत ते बसत नाही आणि लगेच बसवूही नये. सोलरला आपल्याकडे ऊन म्हणाल तेवढं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाचाच्या खाली जातो त्या पहाटेनंतरही दिवसभर लख्ख ऊन असतंच. तुम्हाला २०० लिटरचा पुरेल. तांब्याच्या पाइपांचं सपाट पॅनेल बोअरच्या पाण्याला थेट जोडू नका, बारीक पाइप चोंदतात. काचेच्या नळ्यांचा घ्या. नळी काढून ब्रशने घासता येते आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. फुटतात मात्र. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोण विसरेल?

गारांपेक्षाही आपल्याकडच्या नळ्या एका वेगळ्या कारणाने फुटतात. मे महिन्यात टाकी कोरडी पडते. नळ्या रिकाम्या, वरून ऊन, काच आतून तापून लाल. दुपारी दोनला टँकर येतो, घरातले आनंदाने मोटर लावतात, गार पाणी नळ्यांत शिरतं आणि कडकड करत एकामागून एक नळी तडकते. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या शहरात हे सांगायलाच हवं. टाकी कोरडी पडली असेल तर सोलरचा व्हॉल्व्ह बंद करा, टँकरचं पाणी भरून घ्या आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उघडा.

पाइपाचंही बघा. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत पंधरा मीटर लाईन असेल तर अर्ध्या इंची पाइपात अडीच लिटर आणि पाऊण इंचीत साडेचार-पावणेपाच लिटर गार पाणी उभं असतं. गरम येईपर्यंत ते सोडून द्यावं लागतं. खाली बादली ठेवा, तेवढ्यात फरशी पुसून होते. आणि दिरांनी 'सरकारी सबसिडी मिळते' असं ऐकलं असेल तर ती पीएम सूर्यघर योजना, २०२४ पासूनची. ती वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. वीजेचं पॅनेल पुढेमागे बसवायचा विचार असेल तर गच्चीची दक्षिणेकडची मोकळी जागा आधी त्याला राखून ठेवा. दोघांनाही तीच जागा लागते.

तर यंदा घ्या २५ लिटरचा उभा स्टोरेज गिझर, दोन हजार वॅटचा. आडवा घेऊ नका. उभ्यात गरम पाणी वर आणि गार खाली असं नीट राहतं, आडव्यात लवकर कालवाकालव होते. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा. साठच्या वर क्षार भराभर बसतात. ५५ ला २५ लिटरमध्ये गार पाणी घालून दोन बादल्या होतात, वर थोडं उरतं. पूर्ण टाकी तापायला अर्धा तास आणि एक युनिट, व्होल्टेज पडलेलं असेल तर पाऊण तासाच्या वर. दोघांची अंघोळ होईपर्यंत तिसऱ्याचं पाणी तापत राहतं, चौदा-पंधरा मिनिटांत एक बादली. सहा जणांचं सव्वा-दीड तासात आटोपतं. सासूबाईंना पहिला नंबर द्या.

टाकी आतून काचेचा मुलामा दिलेली बघा. नुसत्या स्टीलच्या टाकीला खारट पाण्यात वेल्डिंगच्या जागी बारीक भोकं पडतात. तुमची बहुधा अशीच गेली. काचेच्या मुलाम्यातही नजरेला न दिसणाऱ्या फटी असतात, म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड टांगलेला असतो. त्याला अॅनोड म्हणतात. पाण्याला काहीतरी खायचंच आहे, तर टाकी न खाता हा रॉड खावा, अशी ती योजना. तो संपला की पाणी टाकीकडे वळतं. दुकानात एवढाच प्रश्न विचारा: "अॅनोड लातुरात मिळतो का, आणि बदलायला कोण येईल?" उत्तर देताना माणूस वर पंख्याकडे बघायला लागला तर दुसरं दुकान गाठा. वॉरंटी कार्डही तिथेच वाचा. 'टाकी सात वर्षं' मोठ्या अक्षरांत असतं. 'कठीण पाण्यामुळे झालेलं नुकसान वगळून' आणि 'अॅनोड वेळेवर बदलला असल्यास' हे कुठे असतं ते तुम्हीच शोधा. एलिमेंटवरही काचेचा थर दिलेला मिळतो, तो घ्या. खडू त्याला कमी चिकटतो.

बसवताना तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. गार पाण्याच्या लाईनवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह येतो. पाणी तापलं की फुगतं, आणि व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब पडतात. ते पडायलाच पाहिजेत. आमच्या परभणीच्या घरी मी गावाला गेलो असताना ठिबक थांबवायला प्लंबरने त्याला बूच मारलं. चांगलं घट्ट, टेप गुंडाळून. आठ दिवसांनी आलो तर गिझरचं बूड बाहेर आलेलं, पत्रा ताणून चकचकीत झालेला. थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून भिंत राहिली. प्लंबरला विचारलं तर म्हणाला, "सर, तुमच्याच घरच्यांनी सांगितलं ठिबकतंय म्हणून." तेही खरंच होतं.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची, थेट बोर्डापासून, मध्ये जोड नको. स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी, आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं बटण) नसेल तर ती बसवून घ्या. गिझरवर दोन हजार कमी खर्च झाले तरी चालतील, हिच्यावर नाही. अर्थिंग तपासून घ्या. आपल्या काळ्या मातीचा एक वांधा असतो. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओता. धुण्याचं उरलेलं चालतं. हे सगळं, बसवणावळीसकट, तुमच्या पंधरा हजारांत बसायला हरकत नाही. वेगळ्या टाकीला मात्र खिशात पुन्हा हात घालावा लागेल.

नवीन गिझर आणायला चार दिवस लागतील म्हणून तोवर बादलीत रॉड टाकून भागवत असाल, तर लोखंडी बादली नको. आणि पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं नाही. आधी पिन काढायची.

पुढची देखभाल दिवाळीच्या फराळाआधी, थंडी सुरू व्हायच्या तोंडावर. वर्षातून एकदा फ्लँज उघडून घ्या. कपच्या काढा, अॅनोड बघा. मूळचा बोटाएवढा जाड रॉड पेन्सिलीएवढा झाला असेल तर बदला. एलिमेंटवरचा थर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात बुडवून ठेवला की फसफसून सुटतो. न्हाणी धुवायचं अॅसिड वापरू नका. खडूबरोबर ते टाकी आणि तांबंही खातं. कुणी पाइपावर चुंबक बांधून क्षार घालवतो म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, मात्र खरंच काम करतो. मिठाचं पाणी घालून त्यातलं रेझिन वेळोवेळी ताजं करावं लागतं, आणि त्या धुण्यात पाणी जातं. नळाची वेगळी टाकी जमणार असेल तर तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.

राहिला बंब. ताई, तो मोडीत देऊ नका. मोडवाला तांब्याचा भाव देईल, पण तसा जाड पत्र्याचा बंब तुम्हाला पुन्हा बाजारात मिळायचा नाही. अंगणात, मागच्या पडवीत, जिथे धूर मोकळा जाईल तिथे ठेवा. बंद न्हाणीत नको. त्याच्या निखाऱ्यांतूनही तोच वायू निघतो जो गॅस गिझरमधून निघतो. लाईट गेली, पाहुणे आले, दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना एकदम कढत पाणी लागलं, की तुराट्यांची एक मोळी आणि अर्धा तास. ह्यांचा लाईटीचा प्रश्नही त्यातच सुटला. आतला थर सासूबाईंना विचारा, त्या चिंचेच्या कोळाने कसा काढायच्या ते सांगतील. तेही आम्लच, लिंबूसत्वाचं थोरलं भावंड.

जुना गिझर भंगारात द्यायच्या आधी मात्र लेकरांना समोर बसवून एकदा उघडून दाखवा. आतल्या कपच्यांनी फरशीवर रेघोट्या ओढता येतात. भंगारवाल्यासाठी वजनात भर म्हणून त्या आतच ठेवायचा विचार असेल, तर तो शहाणा असतो. टाकी हलवून बघतो.